अस्वलाला तू काय म्हणालीस

नंदा, तुझ्या दहाव्याला रामघाटावर पंडितजी दर्भाची अंगठी माझ्याऐवजी चौरसियाजींच्या बोटात घालायला निघाले होते. त्यांचा तरी काय दोष? समोर दोन म्हातारे उभे होते. एक कोरड्या डोळ्यांनी पूजेचं सामान नीट मांडलंय का ते बघत होता आणि दुसरा हुंदके देऊन रडत होता. पंडितजींनी रडणाऱ्याला नवरा समजलं. "आइए यजमान, यहाँ बैठिए," म्हणत त्यांनी चौरसियाजींचा हात धरला. मग केतकी पुढे झाली आणि म्हणाली, "पंडितजी, पापा ये हैं." तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

चौरसियाजी मागे सरकले. "माफ कीजिए, मैं तो..." एवढं बोलून अडखळले. आपण तुझे कोण, याला त्यांना शब्द सापडेना. मग म्हणाले, "मैं तो बस दीदी के साथ चलता था."

एवढंच म्हणाले, पण ते मला लागलं. पंडितजी मंत्र सांगत होते, मी पाठोपाठ म्हणत होतो, आणि डोक्यात मात्र ते एकच वाक्य फिरत होतं. साथ चलता था. आपल्या सगळ्या संसारात मी तुझ्याबरोबर पायी चालत भाजीबाजाराच्या पलीकडे कधी गेलो नाही. आणि हा माणूस सबंध सातपुडा तुझ्याबरोबर चालला.

माणूस गेलं की मागे राहिलेल्याचं मन मोठं होतं असं ऐकलंय. माझं झालेलं नाही. तू गेल्यापासून रडू फारसं येत नाही, पण जळायला मात्र फार होतं. हे केतकीला सांगता येत नाही, माझ्या भावाला तर नाहीच. म्हणून तुलाच सांगतोय. तुला काही हे नवीन नाही.

तू पहिल्यांदा जंगलात गेलीस तेव्हा शाळेतली नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते. आयुष्यभर मुलींना जीवशास्त्र शिकवलं, बेडकाच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, आता खरं जंगल बघायचंय, असं म्हणालीस. शाळेतल्या कुणीतरी तुला त्या ग्रुपमध्ये नेलं. पाच-सात माणसं, सगळी हिंदी बोलणारी, आणि त्यांचे पुढारी हे चौरसियाजी. कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, बायको लवकर वारलेली, उंच, काठीसारखे ताठ, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचावा. मी पाहिल्याबरोबर मनात म्हटलं, ह्या माणसाचे गुडघे दुखत नसणार.

पहिल्या वर्षी तू मला विचारलंस. "अहो, चला ना तुम्ही पण. बँकेतून रिटायर होऊन घरात बसून राहिला आहात." मी म्हटलं, मी नोकरीच्या सुरुवातीला खेड्यापाड्यांतल्या ब्रँचमध्ये भरपूर चाललोय, आता मला जमिनीवर झोपायची हौस नाही. दुसऱ्या वर्षी परत विचारलंस. तिसऱ्या वर्षी विचारलं नाहीस. बॅग भरलीस आणि फ्रिजमध्ये काय काय ठेवलंय तेवढं सांगून गेलीस. तू विचारत होतीस तेव्हा मला यायचं नव्हतं. तू विचारणं बंद केल्यावर मात्र मला फार वाटायला लागलं की विचारावं.

तू परत यायचीस ती वेगळीच बाई होऊन. केसांना धुराचा वास, हातांवर ओरखडे, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे लग्नानंतर पहिल्या वर्षात मी पाहिलं होतं आणि मग विसरून गेलो होतो. दोन-तीन दिवस फोनवर हसणं चालायचं. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. त्या बुटांचासुद्धा मला राग यायचा. ते दारात चिखलासकट असे पडलेले असायचे, जणू तेही कुठेतरी मजा करून आलेत.

मग अस्वलांचं प्रकरण सुरू झालं.

ग्रुपनं पिपरियाच्या बाजूला जायचं ठरवलं आणि त्या जंगलात अस्वलं आहेत असं कळलं. चौरसियाजींनी सगळ्यांना एका संध्याकाळी बोलावून नियम शिकवले. तू ते घरी येऊन मला शिकवलेस, मी न विचारताच. वाघाची भीती बाळगू नका, म्हणालीस, वाघ आपल्याला आधी बघतो आणि बाजूला होतो. अस्वलाचं तसं नाही. त्याला धड दिसत नाही, आणि वारुळात तोंड घालून वाळवी ओढत असलं की ऐकूही येत नाही. आपण एकदम समोर गेलो की ते दचकतं, आणि दचकलं की अंगावर येतं. म्हणून एकत्र चालायचं, मोठ्यानं बोलत चालायचं, वळणावर टाळ्या वाजवायच्या. पहाटे मोहाच्या झाडाखाली जायचं नाही, कारण फुलं खायला ते तिथेच असतं. दिसलं तर पळायचं नाही. झाडावर चढायचं नाही, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. पाठ न दाखवता हळूहळू मागे यायचं. आणि आलंच अंगावर तर पालथं पडायचं, बॅग पाठीवर तशीच ठेवायची आणि मानेवर दोन्ही हात घट्ट बांधायचे, कारण ते तोंडाला आणि मानेला धरतं.

एवढं सांगून झाल्यावर तू बैठकीतलं टीपॉय भिंतीला लावलंस आणि म्हणालीस, "प्रॅक्टिस करायची आहे. तुम्ही अस्वल व्हा."

मी नको नको म्हणत होतो, पण तू दिवाणावरची काळी घोंगडी माझ्या पाठीवर टाकली होतीसच. गुडघ्यांखाली उशी घेतली आणि झालो अस्वल. तू पाठीवर बॅग चढवून, हातात मोरीतला खराटा काठीसारखा धरून स्वयंपाकघरातून आलीस. मी गुरगुरलो. तू इतकी हसलीस की सोफ्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणालीस, असं नाही, नीट करा, माझ्या जिवाचा प्रश्न आहे. दुसऱ्या वेळी मी खरंच जोरात आलो. तू हसली नाहीस. खराटा पुढे धरून, हळू आवाजात हिंदीत काहीतरी पुटपुटत एक एक पाऊल मागे गेलीस, आणि तुझे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. किती दिवसांनी तू माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होतीस.

मग तू सतरंजीवर पालथी पडलीस. बोटं मानेमागे गुंफलीस आणि म्हणालीस, "आता बोचकारा, बॅग निघते का बघा." मी तुझ्यापाशी आलो. तुझी मान वरून दिसत होती, अंबाड्याखाली सुटलेले दोन-तीन पांढरे केस, आणि त्यावर तुझी ती बारीक बोटं. ती बोटं कशाला पुरणार होती? माझा हात पुढे होईना. मी घोंगडी काढून टाकली आणि म्हणालो, "नको जाऊस तू."

तू उठून बसलीस आणि आपलं भांडण सुरू झालं. ते कधी संपलं असं मला आठवत नाही. मी म्हणत होतो, सुरक्षित राहायचं तर घरी राहावं, नानाखेड्याच्या कॉलनीत अस्वल येत नाही. तू म्हणत होतीस, "तुम्ही लोक घरात बसण्याला सुरक्षित म्हणता. मी म्हणते, जायचं, पण त्याला सांगत सांगत जायचं. त्याचं घर आहे ते. आपण येतोय हे त्याला कळलं पाहिजे, बस." मी म्हटलं, हे सगळं तुला चौरसियानं पढवलंय. तू म्हणालीस, "हो, पढवलंय. तुम्ही काय शिकवलंत मला इतक्या वर्षांत? चेक कसा भरायचा?"

हे तू रागात बोललीस, मला माहीत आहे. पण मी ते विसरलो नाही.

जंगलात तू सगळ्या वाटेनं बोलत असायचीस, हे मला तू गेल्यावर कळलं. भेटायला आलेल्यांत ग्रुपमधली ती प्रिया होती, दवाखान्यात फिजिओथेरपी करते ती. म्हणाली, "अंकल, दीदी की बातों से ही तो हम सेफ रहते थे. पूरे रास्ते बोलती थीं." घरी तू दिवसात मोजकं बोलायचीस. मी विचारलं, काय बोलायची? प्रिया म्हणाली, लहानपणाचं. आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली. तू सहा-सात वर्षांची असताना वडिलांबरोबर भैरवगढला गेली होतीस, तिथे नदीकाठी छापलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, आणि तू पळत पळत एका ओल्या चादरीवरून गेलीस. लाल रंगात तुझ्या पावलांचे ठसे उमटले. वडील मारायला धावले, पण छापणाऱ्या बाबानं त्यांना थांबवलं आणि ती चादर तुलाच देऊन टाकली. पुढे कित्येक वर्षं तू तीच पांघरून झोपायचीस.

नंदा, आपण भैरवगढहून किती चादरी आणल्या असतील! दर दिवाळीला आणायचो. तू दुकानात माझ्या शेजारी उभी राहून रंग निवडायचीस. त्यातल्या एकाही वेळी तुला ही गोष्ट मला सांगावीशी वाटली नाही? ज्या मुलीला तू चार-पाच वर्षं ओळखत होतीस तिला ती तोंडपाठ आहे. प्रिया गेल्यावर मी कपाट उघडलं आणि सगळ्या चादरी खालच्या कप्प्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी परत वर काढून ठेवल्या.

आता अस्वल खरंच भेटलं त्या दिवसाचं. तेव्हा मार्च होता, दोन वर्षांपूर्वीचा. तुझ्या तोंडून ऐकण्याआधी ते मी चौरसियाजींच्या तोंडून ऐकलं. दुपारी फोन आला. "भाई साहब, घबराइए मत, दीदी बिलकुल ठीक हैं." ज्याच्या बायकोबद्दल असा फोन येतो त्यानं घाबरायचं नाही तर काय करायचं? ते म्हणाले, भालू सामने आ गया था, चला गया, किसी को खरोंच तक नहीं. मी म्हटलं, तिला फोन द्या. तुझा आवाज आला, नेहमीसारखाच. म्हणालीस, "हो, दिसलं. उभे राहिलो आम्ही. गेलं निघून. तुम्ही जेवलात का?"

तुम्ही परत आल्यावर ती गोष्ट सगळीकडे पसरली. आपल्या ओळखीत ज्याला त्याला माहीत झाली, आणि सगळे ती एकाच तऱ्हेनं सांगायचे. ग्रुप पुढे गेला होता, तू आणि चौरसियाजी मागे राहिला होतात, समोर पिल्लांसह अस्वलीण आली आणि चौरसियाजी न डगमगता उभे राहिले, म्हणून दोघं वाचलात. स्वतः चौरसियाजी यात काही भर घालत नव्हते, पण नाहीही म्हणत नव्हते. एकदा माझ्या समोरच कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, काय पण विनय!

मी तुला एकदाच विचारलं. पोळ्या लाटत होतीस. मी म्हटलं, म्हणजे ते होते म्हणून वाचलीस तर. तू लाटणं थांबवलं नाहीस. म्हणालीस, "हो."

त्या एका 'हो'नं मी दोन वर्षं पोखरला गेलो. रस्त्यात त्यांची स्कूटर दिसली की मी दुसऱ्या बाजूला बघायचो. तुझा जीव दुसऱ्या माणसानं वाचवला होता, आणि ज्यानं वाचवला नव्हता तो रोज तुझ्या हातची पोळी खात होता. रात्री तुझा श्वास ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता, तो व्हायचाही, पण त्याच्या मागोमाग हेही यायचं की हा श्वास मला त्यांच्यामुळे ऐकू येतोय. कुणाचे उपकार इतके जवळ घेऊन झोपणं सोपं नाही. त्यांनी तुझा हात धरला होता का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. तू 'हो' म्हणाली असतीस तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आणि शेवटी तू गेलीस ती कुठून? आपल्याच स्वयंपाकघरातून. चहाचं आधण गॅसवर होतं, मी बाहेर पेपर वाचत होतो, आणि भांडं पडल्यासारखा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, यात कुणी काही करू शकत नाही. मी ज्या घराला सुरक्षित म्हणून तुझ्याशी भांडलो होतो त्या घरात तुला कुणी सावध करायला नव्हतं. जंगलात निदान टाळ्या वाजवता येतात.

तेराव्यानंतर केतकी पुण्याला परत गेली, आणि मग एका सकाळी चौरसियाजी एकटेच घरी आले. मी दार उघडलं, पण आत या म्हणायला जरा उशीरच केला. ते तुझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसायला लागले, तेव्हा मी त्यांना सोफा दाखवला. चहा केला. तो फार गोड झाला, मला अजून अंदाज येत नाही. त्यांनी मुकाट्यानं प्यायला आणि कप ठेवून म्हणाले की त्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे, जी तू असताना सांगायची हिंमत झाली नाही.

मला वाटलं, आता हा माणूस ते सांगणार, ज्याची मला इतके दिवस भीती होती.

पण त्यांनी अस्वलाचं सांगितलं. चढ होता, त्यांना धाप लागली होती, म्हणून दोघांचं बोलणं थांबलं होतं. वारा समोरून येत होता. कोरड्या नाल्याचं वळण ओलांडलं तर मोहाच्या झाडाखाली ती उभी, ह्या खोलीच्या लांबीइतक्या अंतरावर, आणि दोन पिल्लं पायांत. ती मागच्या पायांवर उठली. चौरसियाजी म्हणाले, तिच्या छातीवरचा पांढरा पट्टा आणि नखं दिसली, आणि त्यानंतर त्यांना आपण कोण, काय शिकवलं, काही आठवलं नाही. ते वळले आणि पळाले.

"मैं भागा था, भाई साहब," ते म्हणाले. "सबको सिखाने वाला मैं, और मैं ही भागा."

पळाले, पण दोन पावलंच. तू मागून त्यांच्या बॅगेचा पट्टा धरलास आणि असा ओढलास की ते गुडघ्यांवर आपटले. मग तू त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिलीस. काठी समोर धरलीस. अस्वलीण हुंकारत धावून आली आणि मध्येच थांबली. परत मागे गेली, परत आली. आणि तू तिच्याशी बोलत होतीस, हळू, जराही न ओरडता, जसं घरात बोलावं तसं. बोलत बोलतच तू एक एक पाऊल मागे येत होतीस आणि पायानं त्यांनाही मागे ढकलत होतीस. शेवटी ती वळली, थोडी वाकली, दोन्ही पिल्लं तिच्या पाठीवरचे केस धरून वर चढली, आणि ती घाणेरीच्या जाळीत निघून गेली.

तू त्यांना हात देऊन उठवलंस. म्हणालीस, "चलिए, बाकी लोग राह देख रहे होंगे." पुढे कधी, कुणासमोर, ह्यातलं काही बोलली नाहीस. त्यांनी दोन-तीनदा विषय काढला, तर म्हणालीस, जाने दीजिए, आप न होते तो मैं जंगल देखती ही नहीं.

चौरसियाजी रडत होते. आणि माझं काय चाललं होतं? मला आधी इतकं हलकं वाटलं की मी हसेन की काय असं झालं. तुला कुणी वाचवलं नव्हतं. तुझा हात कुणी धरला नव्हता, तूच दुसऱ्याचा पट्टा धरला होतास. बैठकीत खराटा घेऊन मागे सरकणारी माझी बायको खऱ्या अस्वलापुढेही तशीच उभी राहिली होती. अभिमान वाटला, नंदा, अगदी छाती भरून. पण तो फार टिकला नाही. लगेच मनात आलं, म्हणजे तुमच्या दोघांचं एक गुपित होतं. ह्या माणसाची लाज झाकायला तू मला 'हो' म्हणालीस. माझ्या मनात त्याचं काय होईल हे तुला कळलं नसेल, असं मी मानत नाही. तुला सगळं कळायचं. तरी तू त्यांची बाजू सांभाळलीस, आणि मला जळू दिलंस. तू बरोबर केलंस की चूक, हे भांडण आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय. कधी तुझ्या बाजूनं जास्त चांगलं भांडतो.

मी त्यांना विचारलं, ती अस्वलाशी काय बोलत होती?

ते म्हणाले, मराठीत होतं. कानात रक्त धडधडत होतं, अर्थ काही लागला नाही, आणि सागर जिल्ह्याकडचे असल्यामुळे त्यांना मराठी तशीही येत नाही. पण शब्दांचे आवाज त्यांच्या मनात बसले होते. तू तेच तेच परत म्हणत होतीस. कुठलं तरी स्तोत्र असावं असं त्यांना वाटत होतं, कारण सुरुवात 'अहो' अशी होती, आणि मधे 'राख' हा शब्द त्यांनी साफ ऐकला होता. म्हणाले, "महाकाल की भस्म का ही कुछ होगा ना? मैं रोज़ सुबह दोहराता हूँ, पर ठीक से आता नहीं."

आणि त्यांनी डोळे मिटून, हात जोडून, मोडकंतोडकं म्हणून दाखवलं. मला पहिल्यांदा कळलं नाही. मी परत म्हणायला लावलं. मग एकदम कळलं, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी आणायच्या निमित्तानं. ओट्याला धरून उभा राहिलो. तू गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो.

अहो, उगीच डोक्यात राख घालून घेऊ नका. सावकाश होऊ द्या तुमचं.

दूधवाल्यावर मी चिडलो, बँकेतून तणतणत आलो, केतकीच्या लग्नात व्याह्यांवर भडकलो, जेवताना ताट सारून उठायला लागलो की तू हे म्हणायचीस. आवाज न चढवता, वाढता वाढता. मी कधी ह्या वाक्याकडे लक्ष दिलं नव्हतं, फक्त परत खाली बसायचो. ग्रुपमध्ये सगळ्यांनी हिंदीत बोलायची प्रॅक्टिस केली होती. पण नखं काढून समोर कुणी उभं राहिलं तेव्हा तुझ्या तोंडी हे आलं.

त्या अस्वलिणीचाही मला हेवा वाटला, हे तुला सांगून ठेवतो. माझ्या वाट्याचं वाक्य तू तिला दिलंस.

मी तोंड धुऊन पाणी घेऊन बाहेर आलो. चौरसियाजींनी पेला घेतला आणि मग खरं काम सांगितलं. थंडी पडली की ग्रुप परत त्याच वाटेनं जाणार आहे, तुझ्या आठवणीसाठी. त्यांची इच्छा होती की निघताना आणि वळणावळणावर सगळ्यांनी मिळून मोठ्यानं तेच म्हणावं, जे तू म्हणाली होतीस. त्यासाठी शुद्ध उच्चार हवा होता, आणि अर्थही. ते मी शिकवावं, आणि जमलं तर बरोबर यावं. माझ्या गुडघ्यांना झेपेल असा, पहिल्या नाल्यापर्यंतचा सपाट रस्ता आहे, म्हणाले.

हे स्तोत्र नाही, नवऱ्याला शांत करायचं वाक्य आहे, असं सांगून मला ते परत घेता आलं असतं. ती इच्छा फार झाली. पण सहा माणसं जंगलात मोठ्यानं बोलत चालली तर अस्वलाला लांबूनच कळेल, ते दचकणार नाही, आणि कुणाच्या मानेवर नखं येणार नाहीत, हे तूच तर मला टीपॉय सरकवून शिकवलं होतंस. काय बोलतात याला महत्त्व नाही. आणि तुझं वाक्य तिथे चाललेलं आहे, हे तर सिद्धच आहे.

मी म्हणालो, स्तोत्र नाही, पण विनंती आहे. जंगलाच्या मालकाला सांगायचं की रागावू नका, तुम्ही निवांत जेवा. चौरसियाजींनी मान डोलावली, त्यांना ते फार आवडलं. मग मी एक एक शब्द सांगत गेलो आणि ते माझ्यामागे म्हणत गेले, घाटावर मी पंडितजींच्या मागे म्हणत होतो तसे. उगीच. डोक्यात. राख घालून. घेऊ नका. 'ळ' आणि 'ण' नव्हते ते बरं झालं. 'सावकाश' त्यांना छान जमलं. 'होऊ द्या' ला थोडा वेळ लागला.

सगळं म्हणून झाल्यावर ते थांबले. "लेकिन शुरू में 'अहो' था," म्हणाले. "वह मैंने साफ सुना था."

"नहीं था," मी म्हणालो. "आपके सुनने में आया होगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही. मग त्यांनी 'अहो' सोडून बाकीचं पहिल्यापासून पुन्हा म्हणून दाखवलं.